पंचविसावा दिवस : कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतील एका बायपासचे प्रकरण

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, कोल्हापूर जिल्ह्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा जोर चढत असताना, करवीर तालुक्यातील अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ छातीत दुखत असल्याची तक्रार घेऊन शहरातील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. त्यांना लागणारी बायपास शस्त्रक्रिया जोखमीची होती, पण तशा शस्त्रक्रिया आमचे पथक एरवीही करीत असे. यावेळी अवघड ठरले ते शस्त्रक्रियेचा दिवस ठरवणे, आणि त्याहूनही अवघड ठरले ते तो दिवस येईपर्यंत रुग्णाला सांभाळणे. या पथकात मी भूलतज्ज्ञ होतो. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

हे गृहस्थ व्यवसायाने गुळव्या. काहिलीतला उकळता रस नेमका केव्हा उतरवायचा हे ज्याच्या नजरेवर ठरते तो गुऱ्हाळावरचा माणूस म्हणजे गुळव्या, आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणाऱ्या हंगामात चुलवाणाच्या धगीजवळ त्याचे दिवसचे दिवस जातात. अकरा वर्षांचा मधुमेह आणि तंबाखूची जुनी सवय एवढा त्यांचा पूर्वेतिहास होता. फेब्रुवारी २०२० मध्ये काहील कलती करताना छाती आवळल्यासारखी होऊन घाम फुटला, तेव्हा त्यांनी ते धुराचे दुखणे मानले. तरी मुलाच्या आग्रहाने डॉक्टरांना दाखवले आणि अँजिओग्राफीचा सल्ला मिळाला. तारीख मार्चअखेरची ठरली होती. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, बाह्यरुग्ण विभाग बंद झाले, पुढे दुखणेही काही महिने उमटले नाही आणि तो कागद घरच्या ट्रंकेत राहिला. महासाथीने हृदयरुग्णांचे जे नुकसान केले त्यातील बरेचसे असे, विषाणू शरीरात न शिरताच झालेले आहे.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांना दोन दिवस ताप आला. तपासणी केली असती तर कोविड सेंटरला जावे लागले असते आणि गल्लीत बोभाटा झाला असता, म्हणून घरच्यांनी तापाच्या गोळ्यांवर भागवले. पाचव्या दिवशी संध्याकाळी छातीत जोराची कळ आली. सोडा पिऊन, पाठ शेकून रात्र काढण्यात आली. सकाळी गावाजवळच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा ३०० मिलिग्रॅमचा डोस दिला आणि त्यांना शहरात पाठवले.

दाखल होताना नाडी ९६, रक्तदाब ११०/७० आणि बोटावरच्या यंत्रातील ऑक्सिजन ९५ टक्के होता. कार्डिओग्राममध्ये बहुतेक लीडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या आलेखांत, एसटी रेषा खाली गेलेली होती आणि एव्हीआर या एकाच लीडमध्ये ती वर उचललेली होती. घाईत कार्डिओग्राम पाहताना एव्हीआरकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु इतरत्र सर्वदूर घसरण आणि तेथे मात्र चढ अशी जोडी दिसली, की हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत किंवा तिन्ही धमन्यांत मोठा अडथळा असल्याचा संशय धरावा लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले होते. रॅपिड अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, पण त्या महिन्यात अशा निगेटिव्हवर विसंबण्याची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये २५ पैकी ५ गुण इतका फुप्फुसदाह दिसला आणि दुसऱ्या दिवशी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. ताप आला तो पहिला दिवस धरून आम्ही दिवस मोजू लागलो. त्या हिशेबाने दाखल होण्याचा दिवस सहावा आणि निदानाचा सातवा.

आठव्या दिवशी कॅथलॅबमधील, म्हणजे अँजिओग्राफीच्या कक्षातील, इतर कामे आटोपल्यावर, सर्वांनी पीपीई किट चढवून अँजिओग्राफी केली. डावी मुख्य धमनी जेथे दुभंगते तेथेच ८० टक्के अरुंद झाली होती, अडथळा दोन्ही फाट्यांच्या मुखांत उतरला होता आणि उजवी धमनी ९० टक्के बंद होती. हृदयाची आकुंचनक्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ४० टक्के होती. धमन्यांच्या गुंतागुंतीचा सिंटॅक्स गुणांक ३२ च्या वर गेला; मधुमेहाचा रुग्ण आणि इतका गुणांक असता स्टेंटपेक्षा बायपास श्रेयस्कर, याबद्दल एरवी फारसे दुमत नसते.

त्या दिवशी मात्र दुमत झाले. हृदयरोगतज्ज्ञांना ताबडतोब शस्त्रक्रिया हवी होती, कारण अशी धमनी तशीच ठेवून झोपणे म्हणजे वाळूच्या बांधाशेजारी झोपणे, असे ते म्हणाले. छातीरोगतज्ज्ञांचे म्हणणे होते, की कोविडचा रुग्ण बिघडायचा असेल तर तो साधारणपणे सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान बिघडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत छाती उघडली तर बिघडलेले फुप्फुस आणि नुकतेच जोडलेले हृदय दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागेल. पुण्याला हलवावे असेही एक मत होते. पण सव्वादोनशे किलोमीटरच्या प्रवासात दुखणे उठले असते तर रुग्णवाहिकेत करण्यासारखे फार थोडे होते, आणि पुण्यातही खाट मिळेलच याची हमी नव्हती. दुभंगावर स्टेंट टाकण्याचा विचार झाला, पण कॅल्शियमने कडक झालेल्या त्या जागी तो नीट न बसता गुठळीने बंद झाला असता तर शस्त्रक्रियेचीही संधी उरली नसती. शिवाय कोविडमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते हे तोपर्यंत सर्वांनीच पाहिले होते.

आकड्यांचा आधार आम्ही शोधला. मे २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. मार्च २०२१ मध्ये याच गटाने ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांची माहिती मांडली. त्यात, इतर घटकांचा परिणाम वेगळा काढल्यावर, कोविड न झालेल्यांत तीस दिवसांतील मृत्युदर १.५ टक्के होता. निदानानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत तो ४.१, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६ आणि सात आठवड्यांनंतर पुन्हा १.५ टक्क्यांवर आला होता. यावरून ‘सात आठवडे थांबा’ हे सूत्र जगभर रूढ झाले. ते तेव्हा चुकीचे नव्हते. परंतु हे आकडे सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांचे मिळून आहेत. ज्याला हर्नियासाठी थांबायचे आहे आणि ज्याला डाव्या मुख्य धमनीसाठी थांबायचे आहे, त्या दोघांचे सात आठवडे सारखे नसतात. शस्त्रक्रियेचा धोका आकड्यांत मांडलेला होता, थांबण्याचा धोका मात्र त्यात कोठेच नव्हता.

अखेर ठरले ते असे : रुग्णाला घरी सोडायचे नाही, देखरेखीच्या खाटेवर, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनखाली थांबवायचे, फुप्फुसाचे दिवस निघून गेल्यावर, शक्यतो चार आठवड्यांनी, शस्त्रक्रिया करायची, आणि मध्ये दुखणे उठले तर दिवस न मोजता करायची.

या चर्चेत ऑक्सिजनचाही विषय निघाला. एवढा तुटवडा असताना हृदयशस्त्रक्रिया करणे योग्य आहे का, अशी व्यवस्थापनाची रास्त शंका होती. हिशेब मांडल्यावर ती फिटली. हाय फ्लो यंत्रावरील एक रुग्ण मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन घेऊ शकतो, म्हणजे सुमारे सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासांच्या आत संपतो. त्या मानाने भूलयंत्रावरील रुग्णाला मिनिटाला मोजके लिटर पुरतात. खरी टंचाई अतिदक्षता विभागातील खाटेची आणि त्या खाटेशेजारी रात्रभर जागणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची होती. सिलिंडर दिसतो म्हणून त्याची चर्चा होते.

दहाव्या दिवशी अपेक्षेप्रमाणे ऑक्सिजन ९१ टक्क्यांवर आला. नाकातील नळीने मिनिटाला तीन लिटर ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन सुरू झाले. स्टेरॉइडने साखर चारशेच्या घरात गेली आणि इन्शुलिनचे इन्फ्युजन लावावे लागले. मधुमेह, स्टेरॉइड आणि पुढे दुभंगायचे छातीचे हाड ही तीन नावे एका ओळीत लिहिताना शल्यचिकित्सकाचा चेहरा उतरला होता. चौदाव्या दिवशी ऑक्सिजन सुटला. सतराव्या दिवशी, विलगीकरण कक्षातील खाट दुसऱ्या रुग्णाला हवी असल्याने, त्यांना कोविडोत्तर कक्षात हलवण्यात आले.

या हलवाहलवीत जे घडले ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मी मानतो. विलगीकरण कक्षात कागद आत-बाहेर नेता येत नसल्यामुळे सर्व औषधे कोविडच्या एकाच पत्रकावर लिहिली जात. त्या पत्रकावर एनोक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) ६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे इंजेक्शन होते. ते हृदयासाठी होते. पण कोविडच्या बहुतेक रुग्णांनाही हेच इंजेक्शन, कमी मात्रेत, गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिळत असे. सतराव्या दिवशी कोविडचा उपचार पूर्ण झाल्याची नोंद होऊन ते पत्रक बंद झाले. नव्या पत्रकावर ॲस्पिरिन, ॲटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि इन्शुलिन उतरवले गेले. एनोक्सापॅरिन मात्र ‘कोविडचे’ समजून मागे राहिले. कोणी निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही, कारण नियमाप्रमाणे पाहता कोविडच्या रुग्णासाठी ते थांबवणे बरोबरच होते. पुढच्या सात दिवसांत ते नवे पत्रक मी स्वतः दोनदा पाहिले होते, आणि माझ्याही लक्षात आले नाही.

चोविसाव्या दिवसाच्या रात्री तीन वाजता त्यांना झोपेतून उठवणारी कळ आली. कार्डिओग्रामवर तीच जुनी जोडी, रक्तदाब ८४/५०, फुप्फुसांच्या तळाशी खरखर. रक्तदाब इतका खाली असताना, दाब आणखी उतरवणारे नायट्रोग्लिसरीन देण्याची सोय नव्हती. जांघेतून महाधमनीत बलून पंप बसवण्यात आला. हृदय सैलावत असताना हा फुगा फुगतो आणि रक्त हृदयाच्याच धमन्यांकडे रेटतो, आणि आकुंचनाच्या क्षणी मिटून हृदयापुढचा भार कमी करतो. अर्ध्या तासात कळ ओसरली. पत्रकातील उणीव आम्हाला दिसली ती याच वेळी, हेपॅरिन पुन्हा सुरू करताना. इंजेक्शन बंद पडल्यामुळेच दुखणे उठले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. इंजेक्शन चालू असतानाही अशी धमनी दगा देऊ शकते. पण त्या सात दिवसांचे समर्थनही करता येत नाही. पुढे त्या रुग्णालयाच्या औषधपत्रकात, प्रत्येक रक्त पातळ करणाऱ्या औषधापुढे ते कोणत्या आजारासाठी आहे हे लिहिण्याचा वेगळा रकाना आला.

पहाटे पाच वाजता सर्वजण जमलो. बाविसाव्या दिवशी केलेली आरटी-पीसीआर अजून पॉझिटिव्हच होती, मात्र सीटी व्हॅल्यू (विषाणू सापडेपर्यंत चाचणीला लागलेल्या फेऱ्या; हा आकडा जितका मोठा तितका विषाणू कमी) ३४ होती. निर्जीव विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे चाचणीत सापडू शकतात आणि इतक्या दिवसांनी, इतक्या वरच्या सीटी व्हॅल्यूला संसर्ग पसरण्याची शक्यता फार कमी असते. तरीही शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाच्या घरी कोणीतरी म्हातारे माणूस होते. सर्वांचे लशीचे दोन डोस झाले होते, तरी पीपीई किट घालूनच काम करायचे, हे न बोलता ठरले. फुप्फुसाची ताकद पाहण्यासाठी सहा मिनिटे चालवण्याची सोपी चाचणी डाव्या मुख्य धमनीच्या रुग्णावर करताच येत नाही. म्हणून धमनीतील रक्ताची तपासणी केली. खोलीतील हवेवर ऑक्सिजनचा दाब ७८ आला. फुप्फुसाने होकार दिला होता.

संमतिपत्रावर सही घेताना मी त्यांना अडचणी पुन्हा समजावून सांगितल्या. ते पूर्ण शुद्धीवर होते. “आता पुढं ढकलू नगा सायेब. पाक चढला की काहील उतरायलाच लागती, तिथं घड्याळ बघून चालत न्हाई,” एवढेच ते म्हणाले. पत्नीशी त्यांचे बोलणे व्हिडिओ कॉलवर झाले. आत कोणालाच सोडत नव्हते.

रक्ताची तजवीज हा आणखी एक पेच होता. निर्बंधांमुळे रक्तदान शिबिरे थांबली होती, लस घेतलेल्यांना चौदा दिवस रक्त देता येत नव्हते आणि घरचे बहुतेक जण रुग्णाच्या संपर्कात आलेले होते. चार पिशव्या हव्या होत्या. गावच्या तालमीतील चार तरुण रुग्णालयाचे पत्र फोनवर घेऊन, नाक्यावर पोलिसांना ते दाखवत, सकाळी सातच्या आत रक्तपेढीत पोहोचले.

भूल देण्याबाबत दोन आजारांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. कोविडमध्ये भूल झटपट द्यावी, मास्कने श्वास देणे टाळावे आणि नळी तात्काळ घालावी, म्हणजे तुषार कमी उडतात. डाव्या मुख्य धमनीच्या रुग्णाला मात्र भूल अगदी सावकाश, रक्तदाबावर नजर ठेवून, थेंबाथेंबाने द्यावी लागते; दाब एकदा कोसळला तर हृदयालाच रक्त मिळत नाही आणि ते चक्र उलटवणे कठीण असते. मी दुसऱ्या मागणीला झुकते माप दिले. भूल देण्यापूर्वीच मनगटाच्या धमनीत दाब मोजणारी नळी घातली, दाब टिकवणारे नॉरॲड्रेनॅलिन आधीपासून चालू ठेवले, घट्ट मास्कने पाच मिनिटे ऑक्सिजन दिला, एटोमिडेट आणि फेंटॅनिल ही भुलीची औषधे हळूहळू दिली आणि स्नायू पूर्ण शिथिल होईपर्यंत दोन्ही हातांनी मास्क दाबून, फिल्टरमधून, अगदी कमी दाबाने श्वास दिले. नळी व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने घातली. त्या वेळी खोलीत मी, एक सहायक आणि पंप चालवणारे तंत्रज्ञ एवढेच होतो. हृदयशस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, कारण बाहेरचे जंतू आत येऊ द्यायचे नसतात. येथे आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नव्हती. यावर उपाय साधाच होता : दारे लावून पंधरा मिनिटे थांबणे, म्हणजे खोलीतील हवा पुरेशी बदलते. शल्यचिकित्सक तोवर काचेबाहेर उभे होते. त्यांना इतका वेळ गप्प उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले.

शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर, हृदय-फुप्फुस यंत्राविना करायची असे ठरले होते. यंत्रावर रक्त फिरवले की सर्व शरीरात दाह उसळतो आणि त्याचा फटका आधी फुप्फुसांना बसतो. नुकत्याच सावरलेल्या फुप्फुसांना तो नको होता. यंत्र मात्र शेजारी सज्ज ठेवले होते. छातीच्या भिंतीमागील डावी धमनी सर्वप्रथम हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडली, म्हणजे निदान तो भाग सुरक्षित होईल. उजव्या बाजूची तशीच धमनी मुद्दाम घेतली नाही, कारण मधुमेह आणि स्टेरॉइड या दोन्हींनंतर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा आणखी घटवणे परवडणारे नव्हते. उरलेल्या दोन जोडण्या पायातील शिरेच्या होत्या. मागच्या बाजूच्या धमनीसाठी हृदय उचलले तेव्हा रक्तदाब ६५ पर्यंत घसरला. हृदय पुन्हा जागेवर ठेवून, टेबल डोक्याकडून खाली झुकवून, दोनदा थांबून तिसऱ्या प्रयत्नात ती जोडणी झाली. बलून पंप नसता तर त्या क्षणी यंत्रावर जावेच लागले असते.

अशा शस्त्रक्रियेत रुग्णाचे शरीर थंड पडून चालत नाही, हृदयाची लय बिघडते. म्हणून खोली उबदार ठेवावी लागते. त्यात पीपीई किट. शल्यचिकित्सकाच्या भिंगाच्या चष्म्यावर चेहऱ्याची ढाल नीट बसत नव्हती आणि श्वासाने भिंगे धुरकट होत होती. केसापेक्षा बारीक धाग्याचे टाके घालताना परिचारिकेला दर काही मिनिटांनी त्यांच्या मास्कच्या वरच्या कडेची चिकटपट्टी दाबावी लागत होती. साडेचार तासांनी किट उतरवल्यावर हातमोज्यांतून घाम ओतला गेला.

पुढचा काळ तुलनेने सरळ गेला. श्वासासाठी घातलेली नळी चौदा तासांनी आणि बलून छत्तीस तासांनी काढला. गुठळ्यांच्या भीतीने रक्तस्राव थांबल्याची खात्री होताच हेपॅरिन सुरू केले आणि यावेळी ते कशासाठी आहे हे मोठ्या अक्षरांत लिहिले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी हृदयाची लय अनियमित झाली, ती औषधाने चोवीस तासांत स्थिरावली. शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येऊ लागले. हाड पक्के होते, जंतू सापडले नाहीत, तरी रोज ड्रेसिंग करावे लागले आणि ती जागा भरायला पाच आठवडे लागले. शस्त्रक्रियेनंतरच्या बाराव्या दिवशी ते घरी गेले. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला.

निदानापासून मोजले तर शस्त्रक्रिया अठराव्या दिवशी झाली. अभ्यासाच्या हिशेबाने ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या गटात पडते. आठव्या दिवशी केली असती तर काय झाले असते, याचे उत्तर दहाव्या दिवशीच्या ९१ टक्क्यांत काही अंशी मिळते. इंजेक्शन चुकले नसते तर चार आठवडे पूर्ण झाले असते का, याचे उत्तर मात्र कोणत्याच कागदावर मिळणार नाही.

दुसरी तपासणी जुलैच्या चौथ्या आठवड्यात होती. त्याच दिवसांत पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढले आणि रुग्णाचे घर पाण्यात गेल्याने कुटुंब उंचावरच्या पाहुण्यांकडे गेले. तपासणी फोनवरच झाली : पायाला सूज आहे का, रात्री उशा किती लागतात, गोळ्या किती उरल्या आहेत. क्लोपिडोग्रेल संपले होते. ते त्या गावातील औषध दुकानदाराला चिठ्ठीचा फोटो पाठवून मिळवले. ऑक्टोबरमधील इकोमध्ये आकुंचनक्षमता ४५ टक्के आली. हंगामाला जाऊ का, असे त्यांनी विचारले. चुलवाणापासून लांब राहायचे, काहिलीला हात लावायचा नाही आणि रस फक्त नजरेने पाहायचा, या अटींवर त्यांना परवानगी दिली. पहिल्या गुळाची एक ढेप डिसेंबरमध्ये रुग्णालयात आली, ती चार तुकड्यांत वाटताना तिचा रंग थोडा काळसर असल्याचे शल्यचिकित्सकांनी निदर्शनास आणले, त्यावर ढेप घेऊन आलेला मुलगा म्हणाला, “आण्णा लांबनं बघत हुते, त्येवढं हुणारच.”